स्नोमोबाइलचे वळण : स्की आणि कार्बाइड रनर निवडताना

उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन ही राज्ये आणि कॅनडातील क्विबेक, ओंटारिओ हे प्रांत हिवाळ्यात कित्येक आठवडे बर्फाखाली असतात. या पट्ट्यात जंगलांतून आणि गोठलेल्या तळ्यांवरून स्नोमोबाइलसाठी हजारो किलोमीटर लांबीच्या खास वाटा आखलेल्या आहेत. त्यांना तेथे ट्रेल म्हणतात. ट्रेल बहुधा दुतर्फा वाहतुकीची, रुंदीला बेताची आणि दोन्ही अंगांना झाडे असलेली. सरळ वाटेवर स्नोमोबाइल पळवायला फारसे कसब लागत नाही. अंगठ्याने थ्रॉटल दाबले की झाले. खरा प्रश्न येतो तो वळणावर. हँडल पूर्ण फिरवूनही वाहनाचे तोंड सरळच राहिले तर पुढे दोनच शक्यता उरतात : एक तर झाड, नाही तर समोरून येणारी दुसरी स्नोमोबाइल.

अशा प्रसंगाचे पहिले कारण अर्थातच वेग. मात्र वेग बेताचा असतानाही वाहन वळत नसेल, तर दोष बहुतेक वेळा स्कीच्या तळाशी असलेल्या, पेन्सिलीच्या जाडीच्या एका पोलादी सळईत सापडतो. तिला रनर किंवा वेअर बार म्हणतात. तिथला नवखा हौशी मालक मात्र हिवाळ्याच्या तोंडावर दुकानात जातो आणि रंगीत, रुंद, महागड्या स्कीची जोडी घेऊन येतो. तीनचारशे डॉलर खर्च होतात आणि वाहन पूर्वीसारखेच हट्टी राहते. मिनियापोलिस, डेट्रॉइट किंवा टोरांटोच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना या खेळाची गोडी लागते आणि जे पहिले वाहन साहजिकच जुने घेतात, त्यांच्या दृष्टीने तर हा विषय विशेष महत्त्वाचा आहे.

स्कीची धाव

स्नोमोबाइलला मागे रबराचा एक अखंड पट्टा असतो, त्याला ट्रॅक म्हणतात. तो फिरतो आणि वाहन पुढे ढकलतो. पुढे दोन स्की असतात आणि हँडल त्यांना वळवते. पूर्वी स्की पोलादी पत्र्याच्या आणि पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेल्या असत. क्विबेकच्या जोसेफ-आर्मांद बोम्बार्डिए यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आणली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत धावलेली बहुतेक वाहने पोलादी स्कीचीच होती. पोलाद वाकते, गंजते आणि मऊ, ओलसर बर्फाला चिकटते. १९९० च्या दशकात अतिशय चिवट आणि गुळगुळीत अशा पॉलिइथिलिनच्या स्की रूढ झाल्या आणि आज त्यांचेच राज्य आहे.

स्कीचा तळ सपाट नसतो. होडीच्या तळाला मध्यभागी कणा असतो, तसा उभा उंचवटा स्कीच्या तळाला लांबीभर असतो. या कण्याच्या खालच्या धारेवर रनर नटबोल्टने आवळलेला असतो. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात, तसाच हा प्रकार : झीज व्हायची ती धावेची व्हावी, चाकाची होऊ नये. पण रनरचे काम एवढ्यावर संपत नाही. त्याच्या मधल्या भागात खाच पाडून टंगस्टन कार्बाइडची धारदार कांडी ब्रेझिंग करून बसवलेली असते. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत लेथवर पोलाद कापणाऱ्या टिपा ज्या पदार्थाच्या असतात, तोच हा पदार्थ. घरात भिंतीला भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या टोकावरही तोच असतो. तो कमालीचा कठीण, म्हणूनच ठिसूळ. बर्फ तो वर्षभर कापेल, पण रस्ता ओलांडताना एका दगडावर आपटला तर त्याचा कपचा उडतो.

बर्फ दिसायला एकच असला, तरी स्कीला तो दोन अगदी निराळ्या रूपांत भेटतो, हे लक्षात घेतल्यावाचून निवडीचा प्रश्न सुटत नाही. ताजा भुसभुशीत बर्फ असेल तर वळवण्याचे काम कणा करतो. नांगराच्या फाळाप्रमाणे तो बर्फात शिरतो आणि बाजूला रेटा देतो. त्या ठिकाणी कार्बाइड जेमतेम कामाचे. उलट शेकडो वाहनांनी दाबून कठीण केलेली ट्रेल किंवा गोठलेले तळे असेल तर कणा शिरणार कुठे? तेथे केवळ कार्बाइडची धार पृष्ठभाग कापून पकड घेते. थोडक्यात, आपले वाहन मऊ बर्फात वळत नसेल तर स्की तपासावी आणि कठीण बर्फात वळत नसेल तर रनर. अनेक जण नेमके उलटे करतात.

आधी धार, मग खरेदी

वळण्याची तक्रार असेल तर पहिला खर्च शून्य रुपयांचा, किंवा तिथल्या भाषेत शून्य डॉलरचा आहे. वाहन पुढून उचलून आधारावर ठेवावे आणि कार्बाइडच्या धारेवर अंगठ्याचे नख हलकेच ओढावे. धार शाबूत असेल तर नखाचा बारीक कीस निघतो. नख नुसते घसरले तर कार्बाइड गोल झाले. गोल झालेले कार्बाइड लांबून पाहिले तर चांगले चकचकीत दिसते, म्हणूनच ते फसवते. कांडीची निम्मी जाडी झिजली असेल, मधेच तुकडा निखळला असेल किंवा कार्बाइडच्या पुढची-मागची पोलादी सळई कागदासारखी पातळ झाली असेल, तर रनर बदलायलाच हवा. सळई तुटली की तिच्या नादाने स्कीचा कणाही झिजतो आणि मग खर्च कैक पटींनी वाढतो.

दुसरी तपासणी सांध्यांची. स्की ज्या दांड्याला जोडलेली असते तो स्पिंडल, त्यातले बुश, टायरॉडची टोके यांत खेळ आहे का, हे स्कीचे टोक हातात धरून डावी-उजवीकडे हलवले की कळते. स्की आणि स्पिंडल यांच्यामध्ये रबराचा एक ठोकळा असतो. तो दबून कायमचा बसका झाला की स्कीचे टोक खाली झुकते आणि दाब कार्बाइडच्या पुढच्या टोकावर येतो. याचा परिणाम चालकाला लगेच जाणवतो : वाहन थरथरते, आपल्या मनाने इकडेतिकडे धावू पाहते. काही जाणकार या ठोकळ्याच्या मागच्या भागाखाली पातळ पट्टी सरकवून दाब मागे नेतात. बाजारहाटाच्या ट्रॉलीचे पुढचे चाक जसे आसाच्या मागे राहून आपोआप सरळ होते, तसेच स्कीचा पकडबिंदू मागे सरकला की ती स्थिर होते.

तिसरी गोष्ट अलाइनमेंट. मोटारीच्या चाकांप्रमाणे दोन्ही स्कीही एकमेकींशी ठरावीक नात्यात असाव्या लागतात. बहुतेक वाहनांत स्कीची पुढची टोके मागच्या टोकांपेक्षा किंचित बाहेर, ठोकळमानाने ३ ते ६ मिलिमीटर, ठेवण्याची शिफारस असते. काही कंपन्या दोन्ही अगदी समांतर ठेवायला सांगतात. आपल्या वाहनाच्या पुस्तिकेत असेल तो आकडा प्रमाण मानावा. हँडल सरळ बांधून, ट्रॅकच्या कडेला लांब सरळ पट्टी लावून, तिच्यापासून कार्बाइडच्या पुढच्या आणि मागच्या टोकापर्यंतचे अंतर मोजले की चूक दिसते. माप स्कीच्या प्लॅस्टिकच्या कडेवरून घेऊ नये, कारण ती वाकलेली असू शकते. स्की आतल्या बाजूला वळलेल्या असतील तर जगातील सर्वांत महाग रनरही वाहन सरळ चालवू शकणार नाही.

कार्बाइड किती इंच?

दुकानात रनर मागितला की विक्रेता विचारतो, ‘चार इंची, सहा इंची की आठ?’ हे माप सळईचे नसून तिच्यात बसवलेल्या कार्बाइडच्या कांडीचे असते. कार्बाइड जितके लांब तितकी पुढची पकड अधिक, असा सरळ हिशेब केला की हात आपोआप दहा इंचीकडे जातो. तिथेच गफलत होते.

पुढची पकड आणि मागची पकड यांचा मेळ असावा लागतो. कठीण बर्फावर वेग वाढवता यावा आणि ब्रेक लागावा, म्हणून अनेक जण ट्रॅकला अणकुचीदार स्टड ठोकतात. स्टड वाढले की मागचा भाग घट्ट धरतो आणि वाहनाला सरळ रेटतो. समोर छोटे कार्बाइड असेल तर स्की वळलेल्या अवस्थेतच पुढे घसरत जातात. चालक याला ‘पुश’ म्हणतात. याच्या उलट, ट्रॅकला एकही स्टड नाही आणि पुढे आठ-दहा इंची कार्बाइड, अशी जोडी असेल तर वळणावर पुढचा भाग खिळतो आणि मागचा भाग भोवऱ्यासारखा फिरतो. शिवाय हँडल इतके जड होते की तासाभरात दंड भरून येतात. पुढची पकड अती झाली तर आणखी एक धोका संभवतो. स्की घसरायला तयार नसते, शरीराचा भार बाहेर फेकला जातो, आतली स्की उचलते आणि वाहन कलंडते. पर्वतात चालवायच्या स्नोमोबाइलच्या दोन स्कींमधले अंतर मुळातच कमी असते. तिला ट्रेलवरच्या वाहनासारखे आक्रमक रनर लावून कठीण वाटेवर वेगात नेणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

ठोकताळा असा : ट्रॅकला स्टड नसतील तर चार इंचांच्या आसपास, शंभराच्या जवळपास स्टड असतील तर सहा इंच आणि त्याच्या पुढे दीडशेपर्यंत गेल्यास आठ इंच किंवा किंचित अधिक. मिशिगनमधील वूडीज आणि स्टड बॉय यांसारखे निर्माते वाहनाच्या वजनानुसार, ट्रॅकच्या लांबीनुसार आपापले तक्ते देतात. वरच्या ठोकताळ्यापेक्षा त्या तक्त्यांवर अधिक विसंबावे. एक वर्षी स्टड वाढवले तर त्याच दिवशी रनरचाही विचार करावा. स्टडच्या बाबतीत स्थानिक नियमही पाहावेत. मिनेसोटात डांबरी सार्वजनिक ट्रेलवर धातूचे स्टड लावलेले वाहन नेण्यास मनाई आहे.

लांबीखेरीज धारेचा कोनही महत्त्वाचा. साठ अंशांची धार अधिक तीक्ष्ण. ती कडक बर्फात खोल शिरते, पण लवकर बोथट होते. नव्वद अंशांची धार तुलनेने बोथट, पण टिकाऊ. जिथे बर्फ पातळ आहे, वाटेत डांबरी रस्ते आणि खडी वारंवार ओलांडावी लागते, तिथे नव्वद अंशांचीच बरी. तळ्यांवरच्या स्वच्छ बर्फावर चालवणाऱ्याने साठ अंशांची घ्यावी. रस्ता ओलांडताना थ्रॉटल देणे किंवा हँडल वळवणे टाळले, तर कोणतीही धार अधिक काळ टिकते. कोरड्या डांबरावर कार्बाइड तापते आणि ब्रेझिंग सुटते.

चाकोरीचे दुखणे

ट्रेलवर नित्य फिरणाऱ्यांची सर्वांत मोठी तक्रार न वळण्याची नसून भलतीकडे वळण्याची असते. आधी गेलेल्या शेकडो वाहनांच्या कार्बाइडने कठीण बर्फात बारीक खाचा कोरलेल्या असतात. आपल्या स्कीची धार अशा खाचेत पडली की बैलगाडीचे चाक चाकोरीत अडकावे तसे होते : खाच जाईल तिकडे स्की जाते. एक खाच संपली की स्की दुसरीत उडी घेते. वाहन क्षणात डावीकडे, क्षणात उजवीकडे झेपावते. याला डार्टिंग म्हणतात. दोनशे-अडीचशे किलोचे वाहन ताशी ७०-८० किलोमीटरने जात असताना हँडलशी अशी झुंज देत राहणे थकवणारे तर आहेच, पण समोरून कोणी येत असताना डाव्या खाचेत झेप गेली तर जीवावरही बेतते. (उत्तर अमेरिकेत वाहतूक उजव्या बाजूने चालते, हे वाचकांच्या ध्यानात असेलच.)

या दुखण्यावर खरा उतारा निघाला तो दुहेरी रनरचा. कण्याच्या मध्यावर एक सळई असण्याऐवजी शेजारी शेजारी दोन समांतर सळया बसवायच्या. एका सळईखाली खाच आली तरी दुसरी सपाट बर्फावर असते आणि पहिलीला खाचेत पडू देत नाही. बर्गस्ट्रॉम, स्टड बॉय आदी निर्मात्यांचे असे दुहेरी रनर मिळतात. क्वालिप्रोच्या ‘स्नो ट्रॅकर’मध्ये कण्यालगत अनेक धारा योजून हेच साधले आहे. यूटा राज्यातील सिमन्स कंपनीने तर स्कीलाच दोन कणे दिले. काही नव्या स्कींना, उदाहरणार्थ स्की-डूच्या ‘पायलट टीएस’ला, वर एक गोल बटण असते, ते फिरवून रनर किती बाहेर काढायचा ते मालकाला वाटेतच ठरवता येते.

दुहेरी रनरची किंमत एकेरीपेक्षा बरीच जास्त असते. तरीही, ज्याचे चालवणे मुख्यतः गजबजलेल्या ट्रेलवर आहे त्याने नवी स्की घेण्याआधी दुहेरी रनर लावून पाहावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. डार्टिंगचा त्रास संपला की नव्या स्कीची ओढही अनेकदा संपते. मात्र बसका रबरी ठोकळा किंवा वाकडी अलाइनमेंट तशीच ठेवून दुहेरी रनर लावला तर मूळ दोष झाकला जातो, जात नाही.

स्की केव्हा बदलावी?

स्की बदलण्याची सबळ कारणे दोन-तीनच. कणा झिजून गोल झाला असेल, बोल्टच्या भोकांपाशी तडे गेले असतील, किंवा वाहनाचा वापरच बदलला असेल. रुंदीचा संबंध तरंगण्याशी आहे. ट्रेलवर साधारण पाच ते सहा इंच रुंदीची स्की पुरते. पश्चिमेकडच्या डोंगरांत, जिथे कमरेइतका पावडरसारखा बर्फ असतो, तिथे सात-आठ इंच रुंदी लागते. अरुंद स्की घेऊन गेल्यास वाहनाचे नाक बुडते. पण तीच रुंद स्की ट्रेलवर आणली की ती ताज्या बर्फाच्या थरावर तरंगत राहते, कण्यावर पुरेसा दाब येत नाही आणि वळण सैल पडते. कण्याची खोली वाढवली की मऊ बर्फातले वळण सुधारते, हँडल जड होते. एकाच स्कीने दोन्ही साधावे असा आग्रह धरणाऱ्याला दोन्हीकडे मध्यम दर्जाचे समाधान मिळते. वर्षातून एकदाच डोंगरात जाणाऱ्याने तेवढ्यासाठी रुंद स्की घेऊ नये, हे सांगायला हवे, कारण जाहिराती नेमके तेच सुचवतात.

खरेदीच्या वेळी एक बारकावा हमखास निसटतो. रनर वाहनाच्या मॉडेलवर बेतलेला नसतो, तर स्कीच्या मॉडेलवर बेतलेला असतो. बोल्टचे अंतर आणि सळईचा बाक दर स्कीगणिक वेगळा. स्की बदलली की आधीचे, कदाचित नवेकोरे, रनर निरुपयोगी ठरू शकतात. जुने वाहन घेतले असेल आणि आधीच्या मालकाने स्की बदललेली असेल, तर वाहनाचे नाव सांगून मागवलेले रनर बसणार नाहीत. दुसऱ्या कंपनीची स्की आपल्या स्पिंडलवर चढवायची तर त्या वाहनासाठीचा जोडसंचही मागावा लागतो. तो किमतीत धरलेला असतोच असे नाही.

आणि हे सारे करूनही वाहन वळत नसेल तर नजर मागे न्यावी. मागच्या सस्पेन्शनच्या पुढच्या भुजेला लिमिटर स्ट्रॅप नावाचा पट्टा असतो. तो एक भोक आखूड केला की वेग घेताना पुढचा भाग कमी उचलतो आणि स्कीवर अधिक भार राहतो. त्या भुजेची स्प्रिंग किंचित सैल केल्यानेही तसाच परिणाम होतो. बदल एका वेळी एकच करावा आणि त्याच वळणावर पुन्हा फिरून पाहावे. भार अती वाढवला तर हँडल जड होते आणि मघाचे डार्टिंग परत येते. चालवण्याच्या सवयीचाही यात वाटा आहे. वळणात शिरण्यापूर्वी थ्रॉटल सोडले की भार आपोआप पुढे येतो; वळणाच्या मध्यात थ्रॉटल दाबले तर स्की हलक्या होतात आणि मग दोष रनरला दिला जातो.

आपल्याकडे स्नोमोबाइल पाहायला मिळते ती मुख्यतः गुलमर्गला, पर्यटकांना मागे बसवून फेरी मारून आणणारी. सियाचिन हिमनदीवर लष्करही स्नो स्कूटर वापरते. गुलमर्गला फेरीला बसण्यापूर्वी स्कीखाली एकदा वाकून पाहायला हरकत नाही. सळईऐवजी नुसते घासलेले प्लॅस्टिक दिसले तर कडक झालेल्या उतारावर जाण्याचा आग्रह धरू नये.

नवे रनर बसवताना नायलॉनची चकती असलेले नट जुनेच परत वापरू नयेत. त्यांची पकड एकदाच भरवशाची असते. नट पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावेत आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासावेत. सिमेंटच्या फरशीवरून वाहन ओढू नये, कारण नवी धार तिथेच मरते आणि फरशीलाही चर पडतात. गॅरेजमध्ये स्कीखाली चाकांचे पाट ठेवावेत, ट्रेलरवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठोकाव्यात. पहिले काही किलोमीटर मोकळ्या जागी, हळू चालवावे. बोथट रनरची सवय झालेला हात हँडल गरजेपेक्षा जास्त वळवतो आणि नवी धार ते सगळे ऐकते.